अमृतसरला जाऊन फक्त कुलचेच खायचे का?

घाटावरचा
परवा इथे ‘अमृतसर दीड दिवसात’ हा लेख आला. सुवर्णमंदिर, लंगर, कुलचा, लस्सी, वाघा, संपलं अमृतसर. शेवटी फुकटचा सल्ला: म्युझियमं टाळा, सगळी सारखीच, जालियनवाला वाटेतच आहे, दहा मिनिटं पुरतात.

दहा मिनिटं! गोळीबार तेवढाच चालला होता हो. तेवढ्यात १६५० गोळ्या. आत शिरायचा जो बोळ आहे तो अरुंद, म्हणून डायरच्या मशीनगनवाल्या दोन चिलखती गाड्या बाहेर राहिल्या. आत नेता आल्या असत्या तर बहुधा वापरल्याही असत्या, असं त्यानेच गोळीबाराची चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढे सांगितलं. म्हणजे तो बोळ किती रुंद आहे हे स्वतः चालून बघणं हाच तिथला इतिहास. २०१४ मध्ये मी गेलो तेव्हा दोन्ही बाजूंना नुसत्या विटा होत्या. मागचा माणूस पाठीला चिकटतो, पुढचा थांबला की आपण थांबायचं. २०२१ च्या नूतनीकरणात तिथे हसऱ्या माणसांची शिल्पं बसवली. आता लोक शिल्पाच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढतात. बागेतल्या भिंतीत, पांढऱ्या चौकटीत, करंगळी जाईल एवढी भोकं आहेत. त्यांच्यापुढे दहा मिनिटं उभं राहवत नाही, हे मान्य. पण ते वेगळं कारण झालं.

कुलचाभक्त
लेख माझाच. आता माझं ऐका. मे महिना, बरोबर सत्तरीची आई आणि पाच वर्षांचं पोर. सुवर्णमंदिराच्या परिक्रमेच्या संगमरवरावर पाय भाजत होते, आई चटईवरून चटईवर उड्या मारत चालली होती. घंटाघराच्या दारावर वरच्या मजल्यावर ते शीख संग्रहालय आहे, चढलो कसेबसे. पहिल्या पाच मिनिटांत पोराने विचारलं, बाबा, त्या माणसाला करवतीने का कापतायत? रात्री झोपला नाही. तुम्ही एकटे, पाठीवर सॅक, तुम्हाला काय जातंय?

आणि उधमसिंगाने लंडनला जाऊन डायरला मारलं हे मला चौथीपासून पाठ आहे. त्यासाठी तिकीट कशाला काढू?

नांदेडची
एक, जालियनवाल्याला तिकीट नाही. दोन, उधमसिंगाने मारला तो मायकेल ओड्वायर, १९१९ मधला पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर. १३ मार्च १९४०, कॅक्स्टन हॉल. बागेत गोळ्या झाडायला लावणारा डायर १९२७ मध्येच आजारपणाने मेला होता. चौथीचं पाठांतर मुबारक.

तीन, करवतीचं. ते गुरू तेगबहादूरांबरोबरचे हुतात्मे भाई मतिदास. आमचं घर नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारापासून हाकेच्या अंतरावर, माझ्या वर्गात निम्म्या पोरी कौर. त्यांच्या घरी रोजच्या अरदासमध्येच, म्हणजे प्रार्थनेतच, करवतीने चिरलेल्यांची, डोक्याची कातडी सोलून घेतलेल्यांची आठवण काढतात, आणि पोरं मांडीवर बसून ऐकतात. ती चित्रं भिंतीवर आली ती नंतर. तुमच्या मुलाला झेपलं नाही, ठीक आहे, पण त्यावरून ‘टाळा’ म्हणून जगाला सांगू नका. जाता जाता, नांदेडहून सचखंड एक्सप्रेस थेट अमृतसरला जाते, वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतो. ‘कसे जावे’मध्ये तुम्ही फक्त विमान लिहिलंय. मराठवाडा नकाशावर आहे ना?

अटकेपार
अटारी रस्त्यावरच्या वॉर मेमोरियलबद्दल कुणी बोलत नाही. ४५ मीटर उंचीची स्टीलची तलवार, बाहेर रणगाडे, आत गुरू हरगोबिंदांपासून कारगिलपर्यंत सगळं. पण मराठे? १७५८ मध्ये राघोबादादा लाहोरात होते, आपले झेंडे अटकेवर होते. मला तरी एक पाटी दिसली नाही. तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, कौन मराठे?

घाटावरचा
पंजाबच्या वीरांचं स्मारक आहे ते, शनिवारवाडा नव्हे. आणि लाहोर घेतलं म्हणजे काय केलं? सरहिंदला शीख बरोबर होते, लाहोरलाही. मग सुभा तिथल्याच अदिना बेगाच्या हाती देऊन दादासाहेब परत. बेग त्याच वर्षी मेला. पुढच्या वर्षी अब्दाली हजर. १७६२ मध्ये त्याने हरमंदिर, म्हणजे सुवर्णमंदिरच, सुरुंगाने उडवलं, तेव्हा कुठे होतो आपण?

अटकेपार
कुठे होतो? पानिपतात एक पिढी कापली गेली त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं! अब्दालीशी कोण लढलं म्हणून विचारताय? लाज वाटू द्या.

घाटावरचा
लढले, पण दिल्लीसाठी. अमृतसर शिखांनी स्वतः सोडवलं आणि पुन्हा बांधलं. दोन्ही खरं आहे, ओरडू नका.

नांदेडची
धागा म्युझियमांचा आहे, बखरीचा नाही. पाटीच हवी असेल तर गुरू ग्रंथ साहिब उघडा, नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेव जिथे राहिले ते गुरदासपूरचं घुमान अमृतसरहून फार लांब नाही. २०१५ मध्ये तिथे साहित्य संमेलन झालं तेव्हा पुण्याहून गाड्या भरून माणसं गेली. एका पंतांनी परत येऊन मला फक्त मक्याच्या रोटीचं वर्णन ऐकवलं.

अटकेपार
नामदेवांना मध्ये आणून माझं तोंड बंद करायची युक्ती जुनी आहे. पाटी हवीच.

कॅम्प नंबर चार
तुमचं अठरावं शतक आटोपलं असेल तर एक सांगू? आम्ही उल्हासनगरचे सिंधी. टाऊन हॉलमधल्या पार्टिशन म्युझियममध्ये आईला घेऊन गेले. तिथे एक फुलकारीचा, म्हणजे पंजाबी भरतकामाचा, कोट आणि एक कातडी ब्रीफकेस आहे. लग्न ठरलेली मुलगी आणि मुलगा फाळणीत वेगळे झाले आणि निर्वासितांच्या रांगेत पुन्हा भेटले, त्यांच्या वस्तू. आई त्यापुढून हलेना. माझे आजोबा कराचीहून बोटीने मुंबईला आले तेव्हा खिशात वीजबिल भरल्याची पावती होती. निघायच्या आदल्या दिवशी भरलेलं. परत गेल्यावर लाईट कापलेली नको म्हणून. ती पावती आईने कपाटात साडीच्या घडीत ठेवलीय, कुणाला दाखवत नाही. शेवटी तिथे पानाच्या आकाराचे कागद असतात, काहीतरी लिहून झाडाला अडकवायचे. आईने सिंधीत काहीतरी लिहिलं. मला ती लिपी येत नाही. तिने सांगितलं नाही.

पंजाबच्या मानाने सिंध तिथे थोडकं वाटलं, ती माझी तक्रार आहेच. पण ‘सगळी सारखीच’?

कुलचाभक्त
बरं बाई. ओड्वायरचं दुरुस्त केलं. सचखंडही घातली, मराठवाड्याने आता झोपावं. ‘म्युझियमं टाळा’च्या पुढे ‘मे महिन्यात, लहान मुलं असतील तर’ एवढं जोडलंय. याहून जास्त वाकणार नाही.

नांदेडची
पार्टिशन म्युझियम सोमवारी बंद असतं, तेही लिहा.

कुलचाभक्त
माहीत आहे. मी सोमवारीच गेलो होतो.

घाटावरचा
म्हणजे आत गेलाच नाहीत?

कुलचाभक्त
बाहेरून इमारत चांगली आहे.