मदत हवी आहे: वीज ग्रिडमधल्या तीन वाहिन्या एकदम गेल्या तर? गणित लॅपटॉपवर मावत नाहीये

मंडळी,

मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहायला परळला. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली तेव्हा आजी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होती. मशीनची घरघर थांबली. बाबा सिलिंडर घेऊन जिना चढून येईपर्यंत मी तिच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा बघत बसलो होतो. प्रोजेक्टसाठी दुसरा विषय डोक्यात आलाच नाही.

त्या दिवशी कळवा-पडघा ४०० केव्हीचं एक सर्किट देखभालीसाठी बंद होतं, लोड दुसऱ्या सर्किटवर होता आणि नेमकं तेच गेलं. एक वाहिनी गेली तरी ग्रिड तगलं पाहिजे, हा 'एन मायनस वन'चा नियम सगळेच तपासतात. मला त्यापुढचं तपासायचं आहे.

पांडापॉवर या वीजजाळ्याचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ११८ बसचा (म्हणजे वाहिन्या जुळतात त्या ११८ ठिकाणांचा) आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या नावाचा नमुना ग्रिड घेतलाय. वाहिन्या आणि रोहित्रं मिळून १८६ शाखा. त्यातल्या एकदम बंद करून बघायच्या दोन-दोनच्या जोड्या १७,२०५, त्या चहा होईपर्यंत संपतात. तीन-तीनचे गट मात्र १०,५५,२४०; लॅपटॉप रात्रभर तापतो. खऱ्या ग्रिडमध्ये ५,००० शाखा धरल्या तर हेच गट २,००० कोटींच्या वर जातात. कॉलेजच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) थोडा वेळ मिळणार आहे, तो वाया घालवायचा नाही.

अडलंय ते दोन ठिकाणी. धोक्याचे गट आधीच कसे हेरायचे? आणि काही गटांना लोडफ्लोचं (कुठल्या वाहिनीतून किती वीज वाहते त्या गणिताचं) उत्तरच येत नाही, तिथे ग्रिड कोसळलं असं धरायचं की गणितच फसलं?

प्रतिसाद:
आधी डीसी लोडफ्लोची (व्होल्टेज सगळीकडे सारखं धरून केलेल्या झटपट, ढोबळ गणिताची) चाळणी लाव, एक वाहिनी गेल्यावर तिचा भार कुठे किती सरकतो याचे गुणक एकदाच काढून ठेवता येतात. चाळणीत उरलेलेच गट क्लस्टरवर पूर्ण एसी लोडफ्लोने (व्होल्टेजसकट केलेल्या गणिताने) चालव. प्रत्येक गट स्वतंत्र असतो, त्यामुळे वेगवेगळ्या प्रोसेसर-कोअरमध्ये वाटणं सोपं. पण डीसीला व्होल्टेज दिसत नाही, तेव्हा काठावरचे गटही चाळणीत राहू दे. उत्तर येत नसेल तर आधी जाळ्याचे तुकडे पडलेत का बघ, मग डीसीच्या उत्तरापासून सुरुवात करून पुन्हा चालव, तरीही नाही आलं तर लोड थोडा थोडा कमी करत जा. किती कमी केल्यावर उत्तर येतं, तो आकडाच कामाचा. आणि हो, त्या नमुन्यात वाहिन्यांच्या भारमर्यादा खऱ्या नाहीत. त्या घातल्यास का?

धागाकर्ता:
नाही घातल्या! म्हणूनच एकही वाहिनी ओव्हरलोड दिसत नव्हती. मूळ स्थितीतल्या भाराच्या दीडपट मर्यादा धरली तर चालेल का, दादा?