पाचशे एकचे काका गाडीने निघालेत

सोसायटीचा ग्रुप, शनिवार, रात्री ९:०५

५०१ काका: मंडळी, निवृत्त झाल्यावर करायचं म्हणून एक काम बाजूला ठेवलं होतं, ते आता करतोय. मी आणि काकू गाडी काढून देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातोय. वाटेत माझे कॉलेजचे पाच मित्र राहतात, त्यांच्याकडे मुक्काम. २,४०० किलोमीटर, सहा दिवस. त्यातल्या एकाला ३१ वर्षांत बघितलेलं नाही. कुणी असा प्रवास केला असेल तर सूचना कराव्यात. "जाऊ नका" ही सूचना नको, ती मुलाने देऊन झाली आहे.

२०१ दादा: काका, जोरात! पण विमानाने दोन-तीन तासांत त्या टोकाला पोचाल की.

५०१ काका: टोकाला जाऊन काय करू? मित्र मधे आहेत.

सेक्रेटरी: शुभेच्छा. किती दिवस नसाल ते आणि एक चालू फोन नंबर ऑफिसात लिहून द्या.

२०३: काका, तेवढे दिवस तुमच्या पार्किंगमध्ये माझ्या पाहुण्यांची गाडी लावली तर चालेल का?

सेक्रेटरी: तो विषय वेगळा काढा.

४०२ ताई: काका, रोजचे किलोमीटर किती धरलेत?

५०१ काका: पहिला दिवस ६४०, दुसरा ३९०, तिसरा ५२०, चौथा आराम, पाचवा ४१०, सहावा ४४०. पहिल्या दिवसाला मॅप साडेदहा तास दाखवतो. पहाटे चारला उठायचं, सहाला गाडीला किल्ली, साडेचारला मित्राच्या दारात. मी त्याला सहा सांगून ठेवलंय. दीड तास हातचा धरलाय.

४०२ ताई: तो दीड तास दुपारच्या आतच संपेल. मॅप फक्त चाकं फिरतात तेवढे तास मोजतो. इंधन, जेवण, बाथरूम, रस्ता चुकणं, "अगं तो तलाव बघ" हे काही त्याला माहीत नसतं. आम्ही दोघांनी चार वर्षांपूर्वी असाच प्रवास केला होता, चार मैत्रिणींकडे. मी वहीत रोज निघायची आणि पोचायची वेळ लिहिली. मॅपच्या वेळेपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त लागत होता. म्हणजे तुमचे साडेदहा तास धरा चौदा. मित्राच्या दारात रात्री आठला.

५०१ काका: मग आठ सांगतो त्याला.

४०२ ताई: तेच तर करू नका. आता लांब लिहितेय, सगळ्यांनी सहन करा.

आम्ही दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला "आठपर्यंत पोचतो" म्हणालो होतो. साडेसातला ४० किलोमीटर राहिले होते, गाडी मी चालवत होते. डोळे जड झालेले कळत होते. एकटी असते किंवा लॉजवर जायचं असतं तर थांबले असते, खरंच सांगते. पण तिचा दोनदा फोन येऊन गेला होता, कुठे पोचलात, जेवायला थांबलोय. माणसं ताटकळलीत आणि आपण रस्त्याकडेला झोपा काढायच्या, हे मनाला पटेना. मग खिडकी उघड, गाणी मोठ्याने लाव, गालावर पाणी मार. पुढचं मला आठवतं ते थेट खडीचा आवाज. डावीकडची दोन्ही चाकं रस्त्याच्या खाली. गाडी सावरली, कुणाला काही झालं नाही. नंतर हे म्हणाले, पूल ओलांडल्यावर तू वाकडी जायला लागलीस. मी विचारलं, कुठला पूल? मोठा पूल होता म्हणे, नदीवरचा. मला तो आजही आठवत नाही.

झोप कुणालाही येते हो. त्या दिवशी मला गाडी थांबवू दिली नाही ती दिलेल्या वेळेने. मित्रांकडे जाताना हे जास्त होतं, कारण लॉजचा मॅनेजर काळजीने फोन करत नाही.

३०३ वहिनी: बाप रे ताई. हे कधी बोलला नाहीत.

४०२ ताई: आईला अजून माहीत नाही.

१०४ डॉक्टर: ताई म्हणतात त्याला आमच्याकडे मायक्रोस्लीप म्हणतात. काही सेकंदांची झोप, डोळे उघडे असले तरी येते. ताशी १०० वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. चार सेकंद म्हणजे ११० मीटर विनाड्रायव्हर.

काका, तुमचं गणित जरा बघू. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक प्रयोग 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हालचाल आणि लक्ष, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं घसरलेलं असतं. कित्येक देशांत त्या पातळीला गाडी चालवणं गुन्हा आहे. तुम्ही चारला उठणार. पहिल्याच दिवशी थोडा उशीर होऊन नऊ वाजले, तर बरोबर सतरा तास.

५०१ काका: मी आयुष्यात कधी पिऊन गाडी चालवलेली नाही.

१०४ डॉक्टर: म्हणूनच सांगतोय. खिडकी-गाण्यांनी झोप जात नाही, फक्त जागं असल्यासारखं वाटतं. उपयोग होतो तो एकाच गोष्टीचा. गाडी सुरक्षित जागी लावायची, कॉफी प्यायची आणि लगेच १५-२० मिनिटं झोपायचं. कॉफीचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होते. उठल्यावर लगेच स्टिअरिंग धरू नका, पाच-दहा मिनिटं चाला. शरीराच्या घड्याळात पेंग येण्याच्या वेळा दोन, पहाटे दोन ते सहा आणि दुपारी साधारण दोन ते चार. पोटात जेवण नसलं तरी दुपारची पेंग येते. आणि दर दोन तासांनी खाली उतरून चालाच. चार तासांच्या वर एका जागी बसलं की पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका वाढतो. आपल्या वयात हे विसरू नका.

२०१ दादा: डॉक्टर, सोमवारच्या मीटिंगमध्ये दुपारी तीनला मी का झोपतो हे आज कळलं.

१०४ डॉक्टर: ते वेगळं कारण आहे.

४०२ ताई: अजून एक. युरोपात ट्रक चालवणाऱ्यांना कायद्याने साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावं लागतं आणि दिवसाला ९ तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा फार तर १०. ज्यांचं पोट त्याच्यावर आहे त्यांना ९. काकांचे पहिल्याच दिवशी साडेदहा.

३०१ आप्पा: पहिला लांबचा मोटारप्रवासही माणसांना भेटायलाच झाला, हे मुद्दाम सांगतो. ऑगस्ट १८८८. बर्था बेंझ बाई नवऱ्याला न सांगता, १५ आणि १३ वर्षांच्या दोन मुलांना घेऊन, जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला आईकडे निघाल्या. शंभरेक किलोमीटर. नवऱ्याने गाडी तर बनवली होती, पण लोकांना तिचा भरवसा वाटत नव्हता. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनने मोकळी केली. ब्रेकची लाकडं झिजली, तर चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. संध्याकाळी पोचल्यावर नवऱ्याला तार केली.

३०३ वहिनी: पोचल्यावर तार! आधी वेळ सांगितली नव्हती हे बरं केलं.

४०२ ताई: वहिनी, अगदी.

२०३: काका, टायर किती जुने आहेत?

५०१ काका: चांगले आहेत. खाचा भरपूर खोल आहेत. गाडी फिरतेच कुठे फारशी?

२०३: खाचांचं नाही विचारत. टायरच्या बाजूवर इंग्रजी डी-ओ-टी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. उभ्या गाडीचं रबरही म्हातारं होतं. बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, खाच कितीही असो.

५०१ काका: थांब, बघून येतो.

रात्री १०:२०

सेक्रेटरी: वॉचमनचा फोन आला. पार्किंगमध्ये कुणीतरी टॉर्च घेऊन गाड्यांखाली वाकून बघतंय. कुणाला काही माहिती?

५०१ काका: मीच आहे.

५०१ काका: २२१७.

२०३: २०१७ सालचा बाविसावा आठवडा. काका, चारही बदला. स्टेपनी बघितली का?

५०१ काका: स्टेपनी दाबली तर आत जातेय.

२०३: हवा भरून घ्या. आणि ती बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेला वेग बघा, बहुतेक ८० असतो. ती फक्त टायरवाल्यापर्यंत पोचायला असते, उरलेला देश पार करायला नाही. हवेचा दाब सकाळी गाडी थंड असताना तपासायचा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, सामान भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो घ्या.

रविवार, सकाळी ८:४०

३०३ वहिनी: काल रात्री लिहू की नको असा विचार करत होते. मी दुसऱ्या बाजूने बोलते. आमचं आधीचं घर मोठ्या रस्त्यापासून पाच मिनिटांवर होतं. त्यामुळे जो कुणी त्या रस्त्याने जायचा तो आमच्याकडे. रात्री दहाला यायचे, दमलेले. "काही करू नका हं" म्हणायचे आणि अर्ध्या तासात झोपायचे. पहाटे पाचला दाराची कडी वाजायची, की गेले. मी नवी चादर घालायची, तीच दुसऱ्या दिवशी धुवायची. नंतर फोटोखाली "तुमच्याकडे किती छान वेळ गेला" असं लिहायचे. आमचा लॉज झाला होता, फक्त पाटी लावायची राहिली होती.

काका, ३१ वर्षांनी भेटणार आणि रात्री आठला पोचून सकाळी सहाला निघणार? त्यातले आठ तास झोपेत. त्या माणसाने तुमच्यासाठी सुट्टी काढली असेल.

५०१ काका: हं.

३०३ वहिनी: राग मानू नका.

५०१ काका: नाही नाही. विचार करतोय.

३०३ वहिनी: एक कुटुंब मात्र मला आवडायचं. दुपारी चारला यायचे. आल्या आल्या विचारायचे, मशीन लावू का, तीन दिवसांचे कपडे आहेत. मग तासभर झोपायचे, कसलाही संकोच नाही. दुसरा पूर्ण दिवस आमच्याबरोबर. आमचं जे काही चाललं असेल त्यात. एकदा आम्ही बिल भरायला निघालो होतो, तर तेही रांगेत आले. सगळ्यात जास्त गप्पा त्या रांगेत झाल्या.

५०१ काकू: मी पण या ग्रुपवर आहे, हे आमच्या घरात कुणाच्या लक्षात नाही बहुतेक. या पाचांपैकी मी दोघांना ओळखते. बाकी तिघांकडे मी काय करायचं? हॉस्टेलची तीच छपरावरची गोष्ट पाच घरांत पाच वेळा ऐकायची?

२०१ दादा: छपरावरची कुठली गोष्ट?

५०१ काकू: विचारू नकोस.

४०२ ताई: काकू, माझ्या प्रवासात हेच आमच्या यांचं झालं. तिसऱ्या घरी ते बिचारे टीव्ही बघत बसले. नंतर आम्ही ठरवलं, एका घरानंतर एक रात्र लॉजवर. तिथे कुणाशी छान वागावं लागत नाही.

५०१ काकू: हे मला फार आवडलं.

५०१ काकू: आणि दुसरं. गाडी चालवायचं लायसन्स माझ्याकडेही आहे.

५०१ काका: हायवेवर तुला सवय नाही.

५०१ काकू: तुम्हाला दुपारी दोन ते चार जागं राहायची सवय नाही.

१०४ डॉक्टर: मी यात पडत नाही. पण दोन तासांनी हात बदलणं वैद्यकीयदृष्ट्या उत्तम.

३०१ आप्पा: १९०९. अॅलिस रॅमझी, वय वर्षे २२, न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत अख्खी अमेरिका गाडीने पार केली, ५९ दिवसांत. बरोबर तीन बायका, त्यातल्या एकीलाही गाडी येत नव्हती.

५०१ काकू: आप्पा, तुम्ही आमच्या घरी जरा येऊन बसा.

रविवार, संध्याकाळी ७:३०

५०१ काका: नवीन आराखडा. पहिला दिवस ३४०, मुक्काम लॉजवर. दुसरा दिवस ३००, मित्र क्रमांक एक, तिथे दोन रात्री. मग ३९०, दोन रात्री. ५२० चे दोन तुकडे, २८० आणि २४०, मधे लॉज. पुढे ४१० आणि ४४०, तिथेही दोन-दोन रात्री. जायलाच बारा दिवस लागतायत. परतीला सहा दिवस, रोज ४००. आधी मी परत येणं तीन दिवसांत धरलं होतं, ते इथे लिहिलंच नव्हतं.

४०२ ताई: रोज ८००?! बरं झालं लिहिलं नाहीत.

५०१ काका: टायर मंगळवारी. पाचही मित्रांना एकच निरोप गेलाय, "अमुक दिवशी येतोय. वेळ सांगत नाही. जेवायला थांबू नका, फोन करू नका, मीच करीन." एकाने उत्तर दिलं, "तब्येत बरी आहे ना?"

४०२ ताई: हाहा. तोच फोन करेल बघा.

सेक्रेटरी: म्हणजे एकूण अठरा-एकोणीस दिवस. नोंद घेतली.

२०३: सर, मग पार्किंगचं?

सेक्रेटरी: वेगळा विषय.

पुढचा शुक्रवार, दुपारी २:५०

५०१ काकू: पंपाच्या आवारात झाडाखाली गाडी लावलीय. हे सीट मागे करून झोपलेत. कालची लॉजची रात्र छान गेली. आज सकाळपासून मी १३० किलोमीटर चालवली, यांनी दोनदाच ब्रेक मारला, त्यांच्या बाजूला ब्रेक नसताना. मित्राचे तीन फोन येऊन गेले.

४०२ ताई: उचला आणि सांगा झोपलेत म्हणून.

५०१ काकू: सांगितलं आत्ता. तो म्हणाला, झोपू दे, कॉलेजातही पहिल्या बाकावर बसून झोपायचा.