डायोरामाला ‘देखावा’ म्हणावं का? विमानवाहू डेकच्या निमित्ताने काही शब्द

गिरगावकर
‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या डेकच्या एका तुकड्याचा डायोरामा कसा करावा, याची कृती मराठीत लिहायची आहे. काळ डिसेंबर १९७१, प्रमाण १:७२, कॅटापुल्टवर, म्हणजे विमान झोकून उडवणाऱ्या यंत्रावर, उड्डाणाच्या बेतातलं एक सी हॉक जेट आणि मागे पंख दुमडलेलं एक अलिझे विमान. कृती लिहून होईल, अडतंय ते शब्दांपाशी. डायोरामा, फ्लाइट डेक, ब्रायडल, शटल, वेदरिंग, डिकॅल यांना बोलीतले शब्द हवे आहेत, शासकीय कोशातले नकोत. ‘त्रिमितीय लघुदृश्य’ वाचून कुणी हातात चिमटा घेणार नाही.

परळ
डायोरामाला ‘देखावा’ म्हणा. मुंबईत हा शब्द दरवर्षी दहा दिवस सगळ्यांच्या तोंडी असतो. गणपतीपुढे गोठवून उभा केलेला प्रसंग म्हणजे देखावा. मखर म्हणजे नुसती चौकट, चित्ररथ चाकांवर फिरतो आणि प्रतिकृती एकाच वस्तूची असते. नुसतं सी हॉक केलं तर ती प्रतिकृती. ते डेकवर ठेवलं, खाली तार ताणली, बाजूला हात वर केलेला माणूस उभा केला, की झाला देखावा.

माझगाव
पण ‘देखावा करणे’ म्हणजे ढोंग करणे. ‘मी विक्रांतचा देखावा केला’ हे कानाला बरं लागत नाही.

परळ
ते क्रियापदामुळे. देखावा ‘करतात’ तेव्हा ढोंग असतं. मंडळाचा देखावा ‘उभारतात’ किंवा ‘मांडतात’, आणि तो बघायला आपण रांग लावतोच की.

दादरकर
देखाव्याशी सहमत, पण एक फरक कृतीत सुरुवातीलाच सांगा. मंडळाच्या देखाव्यात प्रमाण पाळायचं बंधन नसतं. दिवाळीच्या किल्ल्यात तर मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि कुणाची हरकतही नसते. इथे ती मुभा नाही. १:७२ ला पावणेसहा फुटी माणूस २४ मिमी, सी हॉकची लांबी १६८ मिमी, पंखांचा विस्तार १६५ मिमी. २८ मिमीचे सैनिक वेगळ्या खेळासाठी सहज मिळतात म्हणून आणू नका. ते इथे साडेसहा फुटांच्याही वर जातात आणि विमान खेळण्यातलं वाटायला लागतं.

‘स्केल’ला शाळेच्या भूगोलातला ‘प्रमाण’ हा शब्द तयार आहे. फक्त भूगोलाप्रमाणेच १:७२ हे मोठं प्रमाण आणि १:३५० हे लहान, हे लिहा. आकडा मोठा म्हणजे प्रमाण मोठं, असा घोळ नेहमी होतो.

विक्रांत २१३ मीटर लांब होती. १:७२ ला ती जवळजवळ तीन मीटर, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. म्हणून तुकडा. ४५ बाय ३० सेंमीच्या पाटावर डेकचा ३२ बाय साडेएकवीस मीटर भाग येतो. त्यात एक सी हॉक, दुमडलेलं अलिझे, एखादा ट्रॅक्टर आणि सात-आठ माणसं मावतात. याहून जास्त भरलं की दादर स्टेशन.

माझगाव
‘फ्लाइट डेक’ला वर्तमानपत्रं कधीकधी ‘धावपट्टी’ लिहितात, ते टाळा. कॅटापुल्टवरचं विमान काही सेकंदांत डेक सोडतं, त्याला धावपट्टी लागतच नाही. आणि त्याच डेकवर विमानं उभी असतात, दुमडतात, लिफ्टने खाली जातात. तिरक्या डेकच्या ज्या पट्ट्यावर विमान येऊन तार पकडतं, त्याला ‘उतरपट्टी’ म्हणता येईल. बाकी सगळा ‘डेक’च.

‘तक्तपोशी’ हा शब्द मोहात पाडतो, पण तो लाकडी फळ्यांचा. अमेरिकन एसेक्स वर्गाच्या जहाजांवर पोलादावर फळ्या असत, तिथे तक्तपोशी शोभेल. ब्रिटिश इलस्ट्रियस वर्गाचा डेक तीन इंची चिलखती पोलादाचा होता. विक्रांतही ब्रिटिश बनावटीची, १९४५ साली ‘हर्क्युलस’ म्हणून पाण्यात उतरलेली. तिचा डेकही पोलादीच. त्यावर फळ्यांच्या रेघा कोरू नका.

आणखी मोठी चूक म्हणजे पुढची चढण. विक्रांतच्या नाळेवरचा स्की-जंप १९८०च्या दशकाच्या अखेरीस बसला आणि कॅटापुल्ट तेव्हाच गेलं. मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असतानाचे फोटो बहुतेकांकडे असतात आणि त्यात ती चढण दिसते. त्यावरून १९७१चा डेक केला की सी हॉकसमोर न बांधलेला डोंगर उभा राहतो. १९७१मध्ये नाळ सपाट होती.

गिरगावकर
‘नाळ’ चालेल? वाचक गोंधळणार नाहीत?

माझगाव
होडीची नाळ सगळ्या किनाऱ्यावर म्हणतात. बाळाच्या नाळेशी गोंधळ करणारा वाचक डेकपर्यंत पोचणारच नाही.

कानस
डेकच्या खरखरीत थराबद्दल. ‘नॉन-स्किड’ला सरळ ‘खरखरीत थर’ म्हणा. तो दाखवायला लोक १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवतात आणि डेकचा कोकणातला कातळ होतो. हिशेब असा: थरातला दाणा एक ते दोन मिमी धरला, तर १:७२ ला तो १४ ते २८ मायक्रॉन होतो. १००० नंबरच्या पेपरचा दाणा साधारण १८ मायक्रॉन असतो, म्हणून तोच घ्या. पण पेपर दिसू देऊ नका. आधी ६ मिमीच्या एमडीएफवर १ मिमीची स्टायरीनची (प्लॅस्टिकची) शीट बसवा, कॅटापुल्टची फट आणि विमानं बांधायच्या कड्यांचे खळगे तिच्यात करून घ्या, मग फट आणि खळगे मोकळे सोडून पेपरचे तुकडे चिकटवा आणि वरून दोन हात रंग द्या.

एमडीएफच्या कडा पातळ केलेल्या फेविकॉलने आधी बंद करा. नाहीतर पावसाळ्यात कडा फुगतात, पाट मधून उचलतो आणि सपाट डेकला वळण येतं.

परळ
‘दोन हात रंग’ वरून आठवलं. या कामातले निम्मे शब्द रंगाऱ्याकडे तयार आहेत. कोट म्हणजे ‘हात’, प्रायमर म्हणजे ‘अस्तर’, पुट्टी म्हणजे ‘लांबी’. फक्त एकाच परिच्छेदात ‘विमानाची लांबी’ आणि ‘सांध्यात लांबी भरा’ येऊ देऊ नका. भागांच्या कडेला साच्यातून पसरलेलं पातळ प्लॅस्टिक येतं, त्याला ‘पापुद्रा’ म्हणा. तो ब्लेडने खरवडायचा, तोडायचा नाही. तोडला तर कडेचा कपचाही निघतो.

दादरकर
आता ब्रायडल. कोशात ‘लगाम’ मिळेल आणि तो इथे साफ चुकतो. लगाम घोड्याला आवरतो. डेकवरची ही तार विमानाला ओढून नेते. तिला ‘ओढतार’ म्हणा. आवरणारी वस्तू वेगळी आहे, शेपटीकडून विमान मागे धरून ठेवणारी होल्डबॅक. कॅटापुल्टचा जोर ठरावीक ओढीपर्यंत गेला की तिच्यातला तुकडा तुटतो आणि विमान सुटतं. लगाम म्हणायचंच असेल तर तिला म्हणा.

परळ
आणि ओढतारेचं दुसरं टोक ज्याला अडकतं, त्या शटलला ‘धोटा’. खाचेतून धावणारा, माल सोडून परत येणारा. गिरणगावात हा शब्द समजावून सांगायला लागत नाही. मागातला धोटा आडवा धावतो, हा उभा, एवढाच फरक.

गिरगावकर
धोटा घेतला! ओढतारही घेतली.

दादरकर
मग त्यांची कृतीही लिहा, कारण देखावा खरा की खोटा ते इथेच कळतं. ओढतारेसाठी लोहार चाळीत मिळणारी वाइंडिंगची तांब्याची तार, ३० गेज, म्हणजे ०.३१५ मिमी. खऱ्या मापात ती साधारण २३ मिमी जाडीची पोलादी दोरी होते. आधी चिमट्याने दोन्ही टोकं धरून हलकेच ओढा, म्हणजे रिळावरचा बाक जातो. विमानाच्या पोटाखालच्या आकड्यांपासून धोट्यापर्यंत इंग्रजी व्ही. दोन्ही बाजू सारख्या ताणलेल्या हव्यात. एक सैल राहिली तर विमान उडायच्या बेतात आहे हे कुणाला पटणार नाही. क्रम असा: आधी विमानाची चाकं डेकला पक्की करा, मग आकड्यांपाशी तार चिकटवा, २४ तास थांबा आणि शेवटी धोट्याला लावा. उलट क्रमाने केलं तर ताण पुढच्या चाकावर येतो आणि ते वाकडं होतं.

उतरपट्टीवरच्या अटकाव-तारा मात्र डेकला चिकटवून टाकू नका. विमान उतरताना त्या डेकपासून काही इंच वर उचललेल्या असतात. १:७२ ला दीड-दोन मिमी. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यांच्या खालून जातो.

कानस
वेदरिंगला माझी सूचना ‘रापवणे’. उन्हा-वाऱ्याने चेहरा रापतो तसा रंग रापतो. ‘जुनं करणे’ नको. १९७१मध्ये विक्रांतला नौदलात येऊन दहाच वर्षं झाली होती, ती जुनाट नव्हती, वापरातली होती.

माझगाव
रापवणे हे सगळ्यावर लागू होत नाही. रंग उन्हाने विटतो, लोखंड गंजतं, धुरामुळे काजळी धरते, तेलाचे डाग पडतात, पाण्याचे ओघळ येतात. मराठीत पाच क्रियापदं असताना सगळ्यांना एकच छत्री कशाला?

कानस
छत्री शीर्षकापुरती. आत तुमची पाच वापरू, कारण प्रत्येकाची जागा वेगळी आहे आणि चूक तिथेच होते. ओघळ उभ्या भिंतीवर येतात: जहाजाची बाजू, डेकवरचा मनोरा, नळांच्या खाली. सपाट डेकवर ओघळ येत नाहीत, तिथे डाग आणि चाकांचे काळपट पट्टे. विमानाच्या पंखावरचे तेलाचे डाग वाऱ्याने मागे ओढलेले असतात, खाली घसरलेले नाहीत.

काजळीबद्दल सी हॉकची खास गोष्ट. त्याच्या जेटचा झोत शेपटीतून निघत नाही. दोन्ही पंखांच्या मुळाशी, मागच्या कडेला, एकेक तोंड आहे. म्हणून काजळी तिथून मागे धडाच्या दोन्ही बाजूंना द्या. शेपटीचं टोक काळं केलेलं सी हॉक बरेचदा दिसतं, ते दुसऱ्याच विमानाच्या सवयीने.

वॉशला ‘वॉश’च राहू द्या, ‘धुवण’ म्हटलं की भांड्यांचं पाणी आठवतं. तेलरंगाचा ठिपका, त्याच्या दहापट टर्पेंटाइन, रेघांमध्ये टेकवा. अर्ध्या तासाने कोरड्या कापडाने वाऱ्याच्या दिशेने पुसा. खाली ॲक्रिलिक पूर्ण वाळलेलं हवं आणि त्यावर चकचकीत वार्निशचा एक हात हवाच. नाहीतर वॉश मॅट रंगात शोषला जातो आणि अख्खा पंख मळकट होतो.

परळ
तोच चकचकीत हात डिकॅलसाठीही लागतो. डिकॅलला, म्हणजे विमानावर लावायच्या छापील चिन्हांना, ‘उतरचित्र’ कसं वाटतं? कागदावरून उतरतं म्हणून. कोमट पाण्यात २०-३० सेकंद, मग बाहेर काढून आपोआप सरकेपर्यंत वाट बघा, नखाने ढकलू नका. मॅट रंगावर लावलं तर खाली हवा अडकते आणि पारदर्शक कडेला चंदेरी झाक येते. आली असेल तर सुईने बारीक टोचे मारून उतरचित्र मऊ करून बसवणारं सेटिंगचं द्रावण सोडा.

दादरकर
उतरचित्र छान. ‘चंदेरी झाक’ही ठेवा, वेगळा शब्द शोधू नका.

मुंबईकरांसाठी एक टीप टाका. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकरचा शेवटचा हात मारू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतला ओलावा जमतो आणि रंग पांढरट फुलतो. मारायचाच असेल तर दुपारी, खिडकी बंद, एसी तासभर आधी सुरू. आणि हात पातळ.

गिरगावकर
शेवटचे दोन. डेकवरच्या माणसांना ‘खलाशी’ म्हणायचं का? आणि चाकांच्या चॉकला?

माझगाव
खलाशी ससून डॉकच्या ट्रॉलरवर. इथे नौसैनिक. चॉकला टेम्पोवाला म्हणतो तोच ‘ठोकळा’. ‘पाचर’ नको, पाचर ठोकून बसवतात आणि ठोकळा ओढून काढता आला पाहिजे. कॅटापुल्टवरच्या सी हॉकला ठोकळे लावू नका, ते मागच्या अलिझेला. अलिझेच्या साखळ्याही त्याच खळग्यांतल्या कड्यांना बांधा, आणि साखळी थोडी झोळ खाऊ द्या. ओढतारेसारखी ताणलीत तर दोन्ही विमानं निघाल्यासारखी दिसतील.