मिशेल बुके नाटकाचा की सिनेमाचा?

रंगपीठ:
फ्रेंच नट मिशेल बुके (१९२५–२०२२) म्हटलं की लोकांना दिग्दर्शक शाब्रोलचे सिनेमे आठवतात. माझ्या मते तो आधी नाटकाचा. नाटककार इओनेस्कोच्या 'ल र्‍वा स मर' (राजा मरतोय) या नाटकातला राजा बेरांजे त्याने १९९४ पासून सुमारे ८०० वेळा केला. दीड तासात, प्रयोग संपताना तू मरणार, असं राणी त्याला सुरुवातीलाच सांगते. म्हणजे मरण दीड तास पुरवायचं. कापरा आवाज आणि थकवा पहिल्या वीस मिनिटांतच वापरून टाकला, की पुढे चढायला जागा राहत नाही. आधी हुकूम चालेनासे होतात, मग राजा पडतो, उठतो, पुन्हा पडतो. शेवटी त्याची वाचा जाते आणि राणी एकटी बोलत राहते. तिथे नटाकडे शब्दच नसतात, नुसतं बसणं उरतं. राणी मार्गरीतचं काम करायची बुकेची खरी बायको, जुलिएत कारे.

रीळ:
साफ असहमत. शाब्रोलचा 'ला फाम अँफिदेल' (बेइमान बायको, १९६९) पाहा. नवरा, म्हणजे बुके, बायकोच्या प्रियकराच्या घरी जातो, हसून गप्पा मारतो, दारू पितो. मग पलंगाजवळ त्याला लायटर दिसतो, त्यानेच बायकोला दिलेला. चेहरा उतरतो, पण किती? गाल जरा सैल पडतात, नजर थिजते. पंधराव्या रांगेतून यातलं काही दिसलं असतं का? खुनानंतर तो सगळं शांतपणे पुसत बसतो, ते तर त्याहून भयंकर.

रंगपीठ:
चेहऱ्याचं ते थांबणं आलं कुठून? नाटकातून. आनुई, कामू या फ्रेंच लेखकांची नाटकं त्याने चाळीसच्या दशकातच केली होती. १९४७ च्या 'मस्य व्हँसाँ' सिनेमात मात्र क्षयरोग्याची छोटी भूमिका.

रीळ:
नाटकाच्या सवयीने सगळंच साधत नाही. दिग्दर्शक रेनेच्या 'न्वी ए ब्रुयार' (रात्र आणि धुकं, १९५६) या माहितीपटाचं निवेदन बुकेचं आहे, श्रेयनामावलीत नाव नाही. नाझी छळछावण्यांची दृश्यं चालू असताना आवाज जराही चढवला असता तर ते भाषण झालं असतं. तो सपाट, जवळून बोलतो. ही माइकची समज आहे.

तिसरी घंटा:
सिनेमाचे दोन सेझार (२००२, २००६) आणि नाटकाचे दोन मोलिएर (१९९८, २००५), म्हणजे पुरस्कारांनी निकाल लागणार नाही. तरी माझं मत रंगपीठ यांना. दिग्दर्शक गेदिगियाँच्या २००५ च्या सिनेमात तो मरणाच्या दारातला फ्रेंच राष्ट्राध्यक्ष मित्तराँ करतो, तेव्हा बेरांजे दहाएक वर्षं त्याच्या अंगात मुरलेला होता.