प्रथिनांची ‘आंतरक्रिया’, ‘अन्योन्यक्रिया’ की आणखी काही?

उंबरठ्यावरचा

मंडळी, मायग्रेन कसा उद्भवतो यावरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. वाचक शाळेपुरतं शास्त्र शिकलेला. ‘प्रोटीन इंटरॅक्शन’ला मी ‘प्रथिनांची आंतरक्रिया’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘अन्योन्यक्रिया’ केलं आणि समासात शेरा मारला: “आंतर म्हणजे आतली. दोघांमधली ती अन्योन्य.” मग आंतरराष्ट्रीय आणि आंतरजातीय यांतलं आंतर कुठल्या आतलं?

पण खरा अडथळा पुढे आहे. मायग्रेनमध्ये सीजीआरपी नावाचा रेणू चेतातंतूंच्या टोकांतून सुटतो. त्याला धरणारा ग्राही (रिसेप्टर) म्हणजे एकच प्रथिन नव्हे. सीएलआर आणि रॅम्प-१ अशी दोन प्रथिनं एकत्र आली तरच तो तयार होतो. मूळ लेखक यालाही इंटरॅक्शन म्हणतो. आता इथे ‘क्रिया’ कोणती? काही तुटत नाही, काही विरघळत नाही. दोघं एकमेकांना लगटून उभी राहतात, बस्स. काय लिहू?

टोकदार

अन्योन्यक्रिया. चर्चेची गरजच नाही. परिभाषा एकदा ठरली की ती पाळायची असते, नाहीतर प्रत्येक अनुवादक आपली वेगळी चूल मांडतो.

गवतफुला

पाळा की. माझ्या तोंडी ‘अन्योन्य’ फक्त अन्योन्याश्रय दोषापुरता येतो, आणि तोही दुसऱ्याचा दोष काढताना. शाळेपुरतं शास्त्र शिकलेला वाचक त्या शब्दाला अडखळून पान उलटेल.

टोकदार

‘गुणसूत्र’ आणि ‘प्रकाशसंश्लेषण’ही कधीतरी नवेच होते. वाचकाला इतकं नाजूक समजू नका.

काथ्याकूट

प्रथिनांशी माझा रोजचा संबंध आहे. कामावर आम्ही सरळ ‘बाइंड होतं’ म्हणतो, त्यामुळे शुद्धतेचा दावा माझ्याकडून नको. पण धागाकर्त्याची शंका बरोबर आहे. इंग्रजीत या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी लपतात.

सीएलआर आणि रॅम्प-१ यांची गाठ पेशीच्या आतच पडते आणि जोडीनेच ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात. ही जवळपास कायमची जोडी. सीजीआरपी मात्र येतो, ग्राहीला बिलगतो, काम झालं की सुटतो. आणि त्यानंतर आत जे घडतं ती खरी क्रिया: ग्राही पेशीच्या आतल्या जी-प्रथिन नावाच्या निरोप्याला जागं करतो, सायक्लिक एएमपी हा पेशीतला पुढचा निरोप्या रेणू वाढतो, मग एक विकर इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवत सुटतं. या तिन्हींना एकच शब्द लावला की वाचकाला वाटतं तिन्ही ठिकाणी एकच काहीतरी चाललंय.

रॅम्पचं काम सांगायला व्याकरण उपयोगी पडेल. ‘हृ’ धातू एकच, पण आहार, विहार, प्रहार, संहार यांचे अर्थ बघा. सीएलआर हा धातू समजा आणि रॅम्प हा उपसर्ग. रॅम्प-१ लागला की सीजीआरपीचा ग्राही. रॅम्प-२ किंवा रॅम्प-३ लागला की तोच सीएलआर अड्रिनोमेड्युलिन नावाच्या दुसऱ्याच रेणूचा ग्राही होतो. उपसर्ग जसा वाक्यात एकटा उभा राहत नाही, तसा रॅम्पही एकट्याने कुणाचा ग्राही होत नाही. १९९८ साली हे उघड झालं तोवर सीएलआर हे कुणाचा ग्राही आहे ते कळत नसलेलं बेवारस प्रथिन होतं.

उंबरठ्यावरचा

उपसर्गाचं उदाहरण लेखात ढापू का? म्हणजे पहिल्या गोष्टीला ‘जुळणी’, दुसरीला ‘बंधन’ आणि तिसरीलाच ‘क्रिया’?

टोकदार

बंधन राखीचं किंवा समाजाचं असतं. इथे ‘बंध’.

आणि सगळेच विसरताहेत की सीजीआरपी हे प्रथिनच नाही. अवघी ३७ अमिनो आम्लं. ते पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. मग प्रथिनांची आंतर-अन्योन्य काहीही म्हणा, वाक्य मुळातच चूक.

काथ्याकूट

ग्राही प्रथिनांचाच असल्यामुळे निम्मं वाक्य तरी वाचतं. :)

अवांतर, पण या धाग्याला साजेसं: सीजीआरपीचं पूर्ण नाव ‘कॅल्सिटोनिन जनुक-संबंधित पेप्टाइड’. स्वतःच्या कामावरून नाही, भावंडावरून पडलेलं नाव. १९८२ मध्ये दिसलं की एकाच जनुकाच्या संदेशाची काटछाट थायरॉइडमध्ये एका तऱ्हेने होते आणि कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनतं, चेतापेशींत दुसऱ्या तऱ्हेने होते आणि हा बनतो. मायग्रेनशी त्याचा संबंध पुढे जुळला, तोवर नाव पक्कं झालं होतं.

निवांतपंत

मूळ प्रश्नाला बगल देतो, क्षमस्व. ‘मायग्रेन’च कशाला? अर्धशिशी हा सुरेख शब्द असताना? आमची आजी म्हणायची, सूर्य चढेल तशी चढते आणि उतरेल तशी उतरते, ती अर्धशिशी.

गवतफुला

तुमच्या आजींचा मान ठेवून सांगते, तो सूर्यावर्त. सुश्रुताने शिरोरोगांत सूर्यावर्त वेगळा सांगितला आहे आणि अर्धावभेदक वेगळा. अर्धशिशी म्हणजे अर्धावभेदक.

निवांतपंत

सुश्रुत आजीला विचारून लिहीत नव्हता. लोक ज्याला अर्धशिशी म्हणतात ती अर्धशिशी. आमच्याकडे सगळे असंच म्हणत.

रेघोट्या

मी लहानपणी ‘अर्धी शिशी’ समजायचे. डोकं दुखलं की बाटलीतलं अर्धं औषध प्यायचं, म्हणून! त्यामुळे अर्धशिशी मला कित्येक वर्षं आजार न वाटता मात्रा वाटत होती.

गवतफुला

‘शिशी’ इथे शीर्षावरून आली असणार, अर्धशीर्ष → अर्धशिशी. ग्रीकांचाही तोच विचार: हेमिक्रेनिया, म्हणजे अर्धी कवटी. त्यातला ‘हे’ गळाला आणि फ्रेंचांच्या तोंडून मायग्रेन झाला. म्हणजे मायग्रेन लिहा नाहीतर अर्धशिशी लिहा, अर्धं डोकं दोन्हींत आहे. फक्त एकात ते आपल्याला दिसतं.

नाडीपरीक्षा

आणि तिथेच तो शब्द रुग्णाला फसवतो. माझ्याकडे येणारे सांगतात, “दोन्ही बाजूंना दुखतं, म्हणजे अर्धशिशी नाही ना?” निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांत दुखण्याची चार लक्षणं आहेत: एका बाजूला दुखणं, ठणकणं, मध्यम ते तीव्र वेदना, आणि हालचालीने वाढणं. यांतली कोणतीही दोन पुरतात. जोडीला मळमळ-उलटी तरी हवी, नाहीतर प्रकाश आणि आवाज दोन्ही नकोसे व्हायला हवेत. उपचार न केल्यास झटका ४ ते ७२ तास टिकतो. अर्धं डोकं सक्तीचं नाही. मी तरी मायग्रेनच म्हणतो. त्या शब्दातला अर्धा भाग कुणाला ऐकू येत नाही हाच त्याचा फायदा.

अनुवादकाला एक सूचना. ‘सीजीआरपीमुळे मायग्रेन होतो’ असं सपाट लिहू नका. १९९० मध्ये गोड्सबी आणि एडविन्सन या संशोधकांना झटक्याच्या वेळी मानेतल्या शिरेच्या रक्तात तो वाढलेला दिसला. २००५ च्या एका डॅनिश अभ्यासात ती वाढ सापडलीच नाही. पण २००२ मध्ये मायग्रेनच्या रुग्णांना तो शिरेतून दिला तेव्हा काहींना मायग्रेनसारखी डोकेदुखी सुरू झाली, आणि त्याला अडवणारी औषधं पुष्कळांना लागू पडतात. पुष्कळांना. सगळ्यांना नाही.

उंबरठ्यावरचा

आभार. औषधांच्या, म्हणजे सीजीआरपीला अडवणाऱ्या प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडी) परिच्छेदात एक गंमत झाली. एरेनुमॅब ग्राहीवर बसतं, फ्रेमानेझुमॅब आणि गॅल्कानेझुमॅब सीजीआरपीलाच पकडतात, तिन्ही २०१८ ला अमेरिकेत मंजूर झाली. हे लिहिताना ‘इंटरॅक्शन’ची आठवणही झाली नाही. बसतं, पकडतं, अडवतं. अख्खा लेख क्रियापदांवर निघेल बहुतेक.

टोकदार

लेख निघेल. शेवटच्या शब्दसूचीत काय लिहाल? तिथे नाम लागतं. आणि प्रतिपिंडांना ‘बसतं’? बस आहे का ती?

गवतफुला

पक्षी फांदीवर बसतो, पाना बोल्टवर बसतो, डाग कापडावर बसतो. मराठीला चालतं, तुम्हालाच चालत नाही.

काथ्याकूट

सूचीसाठी ‘परस्परबंध’ सुचवतो. मात्र जी-प्रथिनाच्या वाक्यात तो टिकणार नाही, तिथे क्रिया हवीच.

टोकदार

म्हणजे एका इंग्रजी शब्दाला दोन मराठी. परिभाषेचं वाटोळं.

रेघोट्या

एका शब्दाखाली तीन गोष्टी लपल्या हे वाटोळं आधीच झालेलं नाही का?

निवांतपंत

‘प्रथिन’ तरी कुठून आला? प्रोटीन हा ग्रीक ‘प्रोटिओस’वरून, १८३८ चा, म्हणजे अग्रस्थानी असलेलं. आपल्याकडच्या कुणीतरी ‘प्रथम’ आठवून एका दगडात नाद आणि अर्थ दोन्ही मारले असावेत असा माझा तर्क.

टोकदार

तर्कच. पुरावा?

निवांतपंत

शोधतो. तोवर ‘ऑरा’ला काय म्हणता? डोकं दुखण्याआधी दिसणाऱ्या नागमोडी चकाकत्या रेषा. कोशात तेजोवलय सापडतं.

नाडीपरीक्षा

तेजोवलय नको, रुग्णाला संत झाल्यासारखं वाटेल. शिवाय वलय एका जागी असतं, हे सरकतं. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने एक लाट जाते, आणि तिच्या मागे चेतापेशी काही काळ गप्प होतात. लिआव या संशोधकांनी १९४४ साली सशाच्या मेंदूत ती नोंदवली. ‘पूर्वसंवेदना’ बरा.

गवतफुला

पण डोकेदुखी आलीच नाही तर? नुसता ऑरा येऊन जाणारेही असतात. मग ‘पूर्व’ कशाच्या?