इंग्लंडमधील लहान गावचा सॉलिसिटर (१९०१–१९१०) : कोर्टात उभा न राहणारा हा वकील दिवसभर करीत तरी काय असे?

रंकाळाकाठ
नमस्कार. मी कोल्हापुरात राहून इंग्रजीतून मराठीत भाषांतराचे काम करते. सध्या हाती असलेली कथा सातव्या एडवर्डच्या काळात, इंग्लंडमधील एका बाजाराच्या गावी घडते आणि तिचा नायक तेथील सॉलिसिटरच्या कचेरीत उमेदवारी करणारा तरुण आहे. मी सरळ ‘वकील’ हा शब्द योजून पन्नासेक पाने पुढे गेले. परंतु संपादकांनी समासात लिहिले, ‘हा वकील एकदाही न्यायाधीशापुढे उभा राहत नाही, मग याची चूल पेटते कशावर?’ प्रश्न रास्त आहे आणि माझ्यापाशी उत्तर नाही. कथेतील कचेरीत काळ्या पत्र्याच्या पेट्या रांगेने मांडलेल्या आहेत, कारकून कातड्यावर दस्त लिहितात, आणि बिलात अशिलाच्या प्रत्येक भेटीपुढे सहा शिलिंग आठ पेन्स असा विचित्र आकडा येतो. या मंडळींचे खरे काम काय होते, हे कोणी समजावून सांगेल का? शब्दकोशातील अर्थ मला नको आहे. कचेरी चालत कशी होती, ते हवे आहे.

जुने दप्तर
कोल्हापुरातील सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयात दिवाणी वकिलांकडे कारकुनी करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे आपला प्रश्न वाचून मला गंमत वाटली, कारण आमच्याही कचेरीत पैसा भाषणापेक्षा कागदावरच अधिक मिळत असे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. इंग्लंडमध्ये वरिष्ठ न्यायालयात युक्तिवाद करण्याचा अधिकार बॅरिस्टरांचा होता. सॉलिसिटर अशिलाला भेटत, कागद जमवीत, कैफियत तयार करीत आणि गुलाबी फितीने बांधलेला ब्रीफ, म्हणजे खटल्याच्या कागदांचा जुडगा, बॅरिस्टरकडे पाठवीत. मुंबईत फोर्टमधील सॉलिसिटरांमुळे ही विभागणी लोकांच्या परिचयाची होती, आपल्याकडे मात्र एकच वकील दोन्ही कामे करी. तरीही इंग्लंडमधील सॉलिसिटर अगदीच मुका होता असे समजू नये. काउंटी कोर्टात, म्हणजे लहान दिवाणी दाव्यांच्या कोर्टात, आणि दंडाधिकाऱ्यांपुढे त्याला बोलता येत असे, आणि काउंटी कोर्टाच्या दाव्याची मर्यादा १९०३ च्या कायद्याने शंभर पौंडांपर्यंत वाढली होती. लंडनच्या हायकोर्टातील कामासाठी गावोगावच्या फर्म तेथील एखाद्या फर्मला आपला एजंट नेमीत.

चूल पेटत होती ती जमिनीच्या खरेदी-विक्रीवर. आज कोल्हापुरात कोणी प्लॉट घेतला की आम्ही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सर्च घेतो, इंडेक्स टू पाहतो, सातबारा आणि फेरफार काढतो. त्या काळच्या इंग्रज गावात यांपैकी काहीच नव्हते. सक्तीची हक्कनोंदणी १८९७ च्या कायद्याने आली तीही लंडनपुरती. यॉर्कशायर आणि मिडलसेक्स येथे दस्तांची नोंदवही होती, पण बहुतेक परगण्यांत मालकीचा पुरावा म्हणजे मालकाच्या वकिलाकडे ठेवलेले जुन्या दस्तांचे गाठोडे. आपल्या कथेतील काळ्या पेट्यांचा अर्थ हाच आहे. पेटीवर पांढऱ्या रंगात घराण्याचे नाव असे आणि आत त्या घराण्याची सारी शेते, घरे, विवाहसमयीची मालमत्ता-व्यवस्था आणि मृत्युपत्रे असत. पेटी ज्याच्या फळीवर, ते घराणे सहसा पिढ्यान्‌पिढ्या त्याचेच अशील, आणि म्हणून फर्म विकली जाई तेव्हा खरी किंमत त्या पेट्यांची होत असे, असे माझे मत आहे.

व्यवहार असा चाले. विकणाऱ्याचा सॉलिसिटर मागील किमान चाळीस वर्षांच्या दस्तांचा गोषवारा तयार करी. १८७४ पूर्वी ही मुदत साठ वर्षांची होती. घेणाऱ्याचा सॉलिसिटर तो मूळ दस्तांशी ताडून पाही आणि शंकांची यादी पाठवी: अमुक विधवेचा हक्क सुटला का, तमुक गहाण फिटले का. मग घेणाऱ्याकडील मसुदा निघे, समोरचा त्यात लाल शाईने दुरुस्त्या करी, आणि पुन्हा बदल झाले तर वेगळ्या रंगाच्या शाईने, म्हणजे कोणाचा हात कोठे फिरला हे पाहताक्षणी कळे. मसुदा पक्का झाला की सुवाच्य अक्षराचा कारकून तो मेंढीच्या कातड्याच्या चर्मपत्रावर उतरवून काढी. मेंढीचे कातडे घेण्यात शहाणपण होते: त्यावरील अक्षर खरवडले तर पापुद्रा निघून खाडाखोड उघडी पडते. आमच्या टंकलेखकांनी पांढरा द्रव लावून केलेल्या दुरुस्त्या आठवल्या की मला त्या मेंढीचे मोल कळते!

मोबदल्याची कथाही ऐकण्याजोगी आहे. पूर्वी तो लांबीवर ठरत असे, बहात्तर शब्दांचा एक फोलिओ या हिशेबाने. साहजिकच दस्त मारुतीच्या शेपटीसारखे वाढत. १८८१ च्या कायद्यानंतर किमतीवर दर ठरला, पहिल्या हजार पौंडांपर्यंत शेकडा दीड पौंड. पाचशे पौंडांचे घर घेणाऱ्याने आपल्या सॉलिसिटरला साडेसात पौंड द्यायचे, म्हणजे तेव्हाच्या पंधरा रुपयांस एक पौंड या दराने एकशे साडेबारा रुपये. सहा शिलिंग आठ पेन्सचा आकडा विचित्र दिसतो खरा, परंतु पौंडाचे २४० पेन्स होत आणि हे होतात ८०, म्हणजे बरोबर एक तृतीयांश पौंड. मध्ययुगात तेवढ्याच किमतीचे नोबल नावाचे सोन्याचे नाणेही होते. आपल्या पैशांत मोजले तर नेमके पाच रुपये.

लॉ कॉलेजची पायरी
वरील विवेचन उत्तम आहे, मात्र त्यातून एक मोठी गोष्ट सुटली आहे. गावचा सॉलिसिटर हा निम्मा सावकारी दलाल होता. एखाद्या विधवेला पतीच्या मागे आठशे पौंड आले आणि ते कोठे गुंतवावे हे कळेना, तर ती त्याच्याकडे येई. त्याच आठवड्यात दुसऱ्या अशिलाला गोठा बांधण्यासाठी कर्ज हवे असे. सॉलिसिटर दोघांची गाठ घालून गहाणखत करून देई आणि दोन्हीकडून फी घेई. विश्वस्तांना १८९३ च्या कायद्यानुसार मालमत्तेच्या किमतीच्या दोन-तृतीयांशापर्यंत असे कर्ज देण्याची मोकळीक होती. या व्यवस्थेत बँक नव्हती, हमी नव्हती, केवळ त्या गृहस्थाची पत होती. आणि अशिलांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन १९३३ च्या कायद्यापर्यंत आलेच नाही! कचेरीचे भाडे आणि विधवेचे आठशे पौंड एकाच खात्यात नांदत असत. १९०१ साली बेंजामिन ग्रीन लेक नावाच्या लंडनमधील सॉलिसिटरला अशिलांच्या पैशाच्या अफरातफरीबद्दल शिक्षा झाली, आणि हे गृहस्थ लॉ सोसायटीचे, म्हणजे सॉलिसिटरांच्याच संस्थेचे, माजी अध्यक्ष होते. त्याच वर्षी विश्वासाने सोपविलेला पैसा गिळंकृत करणे हा गुन्हा ठरविणारा कायदा झाला. आपल्या कथेत मालक रात्री उशिरापर्यंत खतावणी चाळत बसलेला असेल, तर वाचकाला हा संदर्भ ठाऊक असलेला बरा.

शिवाय एकाच माणसाच्या डोक्यावर अनेक पागोटी असत. नगरपालिकेचा टाउन क्लार्क, दंडाधिकाऱ्यांचा क्लार्क, संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर, गरिबांच्या पालकमंडळाचा चिटणीस ही पदे बहुधा गावच्या सॉलिसिटरांकडेच जात. जहागिरीचा कारभारीही तोच असे, आणि तेथील कॉपीहोल्ड जमिनीचा (म्हणजे जहागिरीच्या वहीतील नोंदीच्या नकलेवर धारण केलेल्या जमिनीचा) वारस बदलला की जहागिरीच्या दरबारी वहीत नोंद करून तिची नक्कल खातेदाराच्या हाती देई. हा प्रकार १ जानेवारी १९२६ पर्यंत चालला. ‘वतन’ हा शब्द येथे मोहात पाडेल. तो टाळावा, कारण वतनात चाकरी येते आणि येथे ती केव्हाच संपली होती.

रंकाळाकाठ
आपणा दोघांची मी ऋणी आहे. आणखी दोन शंका विचारते. उमेदवाराचे वडील सुरुवातीलाच मोठी रक्कम भरतात. ती लाच आहे की शुल्क? आणि शेवटच्या प्रकरणात, १९१० मध्ये, सारी कचेरी ‘चार नंबरच्या फॉर्म’वर चिडलेली आहे, ते काय प्रकरण आहे?

जुने दप्तर
लाच नव्हे. उमेदवारीच्या करारावरच ऐंशी पौंडांचा स्टँप लागे, आणि त्याखेरीज फर्मला प्रीमियम, म्हणजे शिकविण्याबद्दलची रक्कम, द्यावा लागे. पाच वर्षे शिकायचे, पदवीधर असल्यास तीन, आणि तोवर पगार बहुधा नाहीच. ऐंशी पौंड म्हणजे बाराशे रुपये. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेस गेले त्या सुमारास आपल्याकडील कारकुनाला एवढी कमाई करण्यास काही वर्षे लागली असती. गंमत अशी की कचेरीचा गाडा प्रत्यक्षात या उमेदवाराकडून ओढला जात नसे, तर सनद नसलेला, केस पिकलेला मॅनेजिंग क्लार्क तो ओढीत असे. कोणता दस्त कोणत्या पेटीत आहे हे त्यालाच ठाऊक. त्या पात्राला आपण ‘मुख्य कारकून’ म्हणालात तर त्याचा मान थोडा कमी होईल, ‘कारभारी’ शोभेल.

लॉ कॉलेजची पायरी
चार नंबरचा फॉर्म अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या अर्थसंकल्पातून आला. जमिनीच्या वाढलेल्या किमतीवर २० टक्के कर बसवायचा, म्हणून ३० एप्रिल १९०९ रोजीची किंमत ठरविण्याकरिता देशभरातील जमीनमालकांना हे फॉर्म धाडले गेले; ते भरून न दिल्यास पन्नास पौंडांपर्यंत दंड होता. मालकाने फॉर्म उचलला आणि सॉलिसिटरच्या टेबलावर आणून टाकला. क्षेत्र किती, भाडेपट्ट्याच्या अटी कोणत्या, वहिवाटीचे हक्क कोणाचे, हे सारे पेट्या उघडून शोधावे लागे. तो कर १९२० मध्ये रद्दच झाला.

रंकाळाकाठ
म्हणजे ‘सॉलिसिटर’ हा शब्द तसाच ठेवून पहिल्या पानावर पेट्यांचे वर्णन थोडे सविस्तर करते. तळटीप लागणार नाही. एकच राहिले: नायक रोज संध्याकाळी पत्रे लोखंडी दाबयंत्रात घालतो, हे छापणे आहे का?

जुने दप्तर
छापणे नव्हे, नक्कल. पत्र विशेष शाईने लिहीत, पातळ पानांच्या वहीतील एक पान ओलसर करून पत्र त्याखाली ठेवीत आणि वही दाबयंत्रात आवळीत. शाई पानात उतरे. अक्षर उलटे उमटे, पण कागद इतका पातळ की मागच्या बाजूने सुलटे वाचता येई. पाणी जास्त झाले तर सारे पान पसरे, आणि बोलणी उमेदवाराला बसत. तेव्हा ‘पत्रांची नक्कल दाबली’ असे लिहा.