मदत हवी आहे : सिडनीत दक्षिणेचा वारा, तीन मीटर लाट. किनाऱ्यावरून डायव्हिंग कुठे जमेल?

नमस्कार मंडळी,

माझा दादा मालवणहून आलाय, दोनेक आठवड्यांसाठी. तो तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली घेऊन जातो. तिकडे आता पावसाळा, होड्या वर काढलेल्या, म्हणून जुलैतच सवड. एकच हट्ट धरून आलाय : वीडी सीड्रॅगन, म्हणजे समुद्रघोड्याच्या कुळातला शेवाळासारखा दिसणारा मासा, बघायचा. ऑस्ट्रेलिया सोडून तो कुठे मिळत नाही, त्यामुळे 'पुढच्या खेपेला बघू' म्हणायचीही सोय नाही.

आणि तो उतरल्यापासून दक्षिणेचा वारा हटायला तयार नाही. बोटींच्या डाइव्ह रद्द झाल्या. गेल्या रविवारी आम्ही हौसेने बेअर आयलंडला गेलो. पुलावरून पाणी बरं दिसत होतं, उतरलोही नीट. बाहेर येताना मात्र लाटेने मला उचललं आणि खडकावर बसवलं. गुडघ्यावर सूट फाटला, एक फिन गेली. दादा वर उभा राहून शांतपणे म्हणाला, "लाटो मोजूक नको?"

शनिवारचा अंदाज : स्वेल (दुरून येणारी लाट) अडीच ते तीन मीटर, दक्षिण-आग्नेयेकडून, पिरियड (एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ) 12 सेकंद. सोमवारी रात्री भरपूर पाऊसही झालाय. माझ्या जेमतेम तीसेक डाइव्ह, दादाच्या हजारांवर, पण 17 अंशांच्या पाण्याची त्याला सवय नाही. आडोशाची जागा सुचवा. गाडी आहे, टाक्या भाड्याने घेऊ.

– किनारकन्या

खडकपाल :
ताई, बेअर आयलंड बॉटनी बेच्या उत्तरेच्या काठाला आहे. दक्षिणेचं पाणी खाडीच्या तोंडातून शिरतं ते थेट तिथे. तिथे जायचं ते ईशान्येचा वारा असताना. दक्षिणेचा असेल तेव्हा समोरच्या काठाला, कर्नेलला. जमिनीची ती अख्खी सोंड तुमच्या पाठीशी येते. तुमचे सीड्रॅगनही तिथेच : 'द स्टेप्स'ला उतरा, दहा-पंधरा मीटर खोलीवर केल्प (मोठं समुद्री शेवाळ) संपून वाळू सुरू होते त्या कडेने हळू जा. समोर दिसला तरी आधी ते शेवाळाचं तुटकं पानच वाटतं.

पण तीन मीटरला मी कर्नेललाही उतरणार नाही. लाट टोकाला वळसा घालून आत येते आणि 12 सेकंदांची लाट जास्तच वळते. सगळे उंची बघतात, पिरियड कोणी बघत नाही. सात सेकंदांची दोन मीटर म्हणजे नुसती खळबळ. बारा-चौदा सेकंदांची दोन मीटर म्हणजे तुमचा गुडघा. दहा मिनिटं शांत असतं आणि मग चार मोठ्या लागोपाठ येतात. दादांचं बरोबर आहे, टाकी चढवण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं.

शनिवारी मॅनलीचा शेली बीच. समुद्राकडे चक्क पाठ करून पश्चिमेला तोंड केलेला किनारा आहे. वाळूवरून चालत आत जायचं, खडकाचा प्रश्नच नाही. 2002 पासून राखीव क्षेत्र, मासेमारी बंद, त्यामुळे ब्लू ग्रोपर हे मोठे मासे कुत्र्यासारखे मागे लागतात. या दिवसांत पोर्ट जॅक्सन शार्कही तळाला पडलेले असतात, अगदी गरीब. पार्किंगसाठी सातच्या आत पोचा, नाहीतर टाकी पाठीवर घेऊन मॅनली दर्शन होईल.

उपनगरी :
हार्बरच्या आत क्लिफ्टन गार्डन्स विसरलात! बाहेर काहीही चालू असो, तिथे पाणी हलत नाही. फक्त पावसाचं भान ठेवा. गटारांचं सगळं पाणी हार्बरमध्ये येतं. मुसळधार पावसानंतर उघड्या समुद्रात एक दिवस आणि हार्बरमध्ये तीन दिवस उतरू नये, असा इथला सरकारी सल्ला आहे. सोमवारचा पाऊस म्हणजे शनिवारी हरकत नाही, पण व्हिजिबिलिटी दोन-तीन मीटरच धरा. पोहण्यासाठी बांधलेल्या जाळ्याला लागून जा, समुद्रघोडे तिथेच असतात. 2020 मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेली पिल्लंही त्या भागात सोडली होती.

भांगभरती :
पोर्ट हॅकिंगमधलं शिपरॉकही लाटेपासून पूर्ण सुरक्षित आहे. पण तिथे लाटेऐवजी ओढ असते. भरती पूर्ण भरायच्या थोडं आधी उतरायचं, पाणी थांबतं तेवढ्यात डाइव्ह उरकायची. भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं, ओहोटीला नदीचं गढूळ पाणी बाहेर पडतं आणि सोबत तुम्हालाही नेतं. उधाणाच्या दिवशी नको, भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा जा. मालवणच्या माणसाला हे मी काय सांगणार!

किनारकन्या :
सगळ्यांचे आभार. शनिवारी शेलीला गेलो. हेडलँडच्या पलीकडे लाटांचा गडगडाट ऐकू येत होता आणि आमच्या बाजूला एक आजी छातीभर पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत होत्या. दादा म्हणाला, "गो, ह्यो दर्यो की बाव (विहीर)?" शार्क तीन दिसले, एकमेकांवर डोकं ठेवून झोपल्यासारखे. 45 मिनिटांत दादाच्या ओठांचा रंग गेला, वर येऊन थर्मासभर चहा एकट्याने संपवला.

काल क्लिफ्टन गार्डन्स. पाणी ताकासारखं, हात लांब केला तर बोटं अंधुक. जाळ्याच्या दोरीला शेपटीचं वेटोळं घालून एक समुद्रघोडा बसला होता, करंगळीपेक्षा थोडा मोठा. दादा त्याच्यासमोर किती वेळ हलेचना. मला वाटलं टाकीत काही बिघाड झाला. वर आल्यावर म्हणाला, आजवर मासेमारीच्या जाळ्यात जे बघितले ते सगळे मेलेले.

सीड्रॅगन राहिलाच. बुधवारी वारा पश्चिमेचा होतोय, स्वेल दीड मीटरवर येईल म्हणतात. दादाचं विमान गुरुवारी सकाळी साडेदहाला आहे आणि डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नाही, म्हणजे दुपारी साडेचारपर्यंत पाण्याबाहेर यायला हवं. खडकपाल, बुधवारी सकाळी कर्नेलला येणार का? लाटा मोजायला दादा आहेच.